जुनं गेम टेबल: तिसऱ्यांदा प्लग लावण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एका बंद पडलेल्या क्लबच्या सामानातून तुमच्या वडिलांनी पॅक-मॅन या व्हिडिओ गेमचं टेबल आणलं. वर काच, समोरासमोर दोन खेळाडूंच्या जागा, मध्ये आडवा झोपवलेला पडदा. तुम्ही दोनदा प्लग लावून पाहिला. घुंईऽ असा आवाज येतो, पडदा काळाच राहतो, आणि खालचा एक कोपरा पाणी पिऊन फुगलाय. आता पडद्यासाठी कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचं) किट मागवावं, की आतलं सगळं काढून एलसीडी आणि छोटा संगणक बसवावा, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

आत्ता यांतलं काहीच करू नका. आणि तिसऱ्यांदा प्लगही लावू नका.

अशी टेबलं मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय. माझ्यासमोर आलेल्या 'मेलेल्या' टेबलांपैकी बहुतेकांचा बोर्ड, म्हणजे खेळ चालवणारी चिपांची पाटी, मेलेला नव्हता. त्याच्यापर्यंत वीज धड पोचत नव्हती. एखादी पिन काळी पडलेली, फ्यूजची क्लिप सैल, कुठला तरी जुना कपॅसिटर आटलेला. त्यामुळे कोणता भाग बदलायचा याच्या आधी कोणत्या क्रमाने तपासायचं हे ठरवायला हवं. भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात करून एकेक टप्पा पुढे सरकायचं. मधला टप्पा गाळून थेट पडद्याला हात घातलात, तर बिघाड जुना आहे की तुम्ही नवा केलाय, हेच कळेनासं होतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. पॅक-मॅन 1980 साली जपानच्या नामकोने आणला आणि अमेरिकेत तो मिडवेने विकला. दोन्हींच्या टेबलांची घडण वेगळी. शिवाय त्या काळात नकली बोर्डांचाही सुळसुळाट होता. मी खाली जे लिहितोय ते मिडवे घडणीचा बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून. तुमचा वेगळा निघाला तर पिनांची जागा बदलेल, तपासण्याची रीत तीच राहील. टेबल कोरड्या खोलीत पडून होतं की ओलसर गोदामात, यानेही फार फरक पडतो. कोपरा फुगलाय म्हणजे तुमचं ओलीत होतं असंच मी धरून चालतो.

पहिला प्रश्न: टेबल किती व्होल्टचं? अमेरिकेतलं असेल तर 120, जपानमधलं असेल तर 100. तुमच्या भिंतीत 230 असतील आणि तुम्ही ते थेट लावलं असेल, तर दोनदा लावूनही ते पेटलं नाही हे नशीब. काही ट्रान्सफॉर्मरना वेगवेगळ्या व्होल्टेजचे टॅप, म्हणजे तार जोडायच्या जागा, असतात आणि आधीच्या मालकाने तार योग्य टॅपवर हलवलेली असू शकते. म्हणून प्लग भिंतीपासून लांब ठेवा, टेबलाचं दार उघडा, टॉर्च घ्या आणि ट्रान्सफॉर्मरवरचं लेबल वाचा. प्रायमरीची, म्हणजे भिंतीकडून येणाऱ्या विजेची, तार कुठल्या आकड्यावर लावलीय ते बघा. तिथे 230चा टॅप नसेल तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणावाच लागेल. 60 हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झवर थोडा जास्त तापतो. तो तेवढा तापला तर घाबरू नका, पण हात ठेवता येत नसेल तर बंद करा.

मग फ्यूज. सगळे काढा, मल्टिमीटरने तपासा आणि प्रत्येकाच्या टोपीवर कोरलेला आकडा खालच्या लेबलशी जुळवा. एका टेबलात मला फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडली होती. मालक अभिमानाने सांगत होता की गेल्या कित्येक वर्षांत फ्यूज एकदाही उडाला नाही! फ्यूज उडाला नव्हता हे खरंच. त्याऐवजी मागची सगळी वायरिंग करपून बिस्किटासारखी कडक झाली होती. फ्यूज शाबूत दिसले तरी त्यांच्या क्लिपा बघा. गंज चढलेली सैल क्लिप गरम होते आणि तिथेच व्होल्टेज पडतं.

आता तुमच्या त्या घुंई आवाजाकडे येऊ. तो कुठून येतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि खरी मेख तिथेच आहे. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असेल तर बारीक आवाज स्वाभाविक आहे. तो जड, घोगरा असेल आणि ट्रान्सफॉर्मर मिनिटभरात तापत असेल, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा एखादा डायोड (एसीचं डीसी करणारा भाग). आवाज स्पीकरमधून येत असेल तर उलट आनंदाची गोष्ट: ध्वनीचा अॅम्प्लिफायर जिवंत आहे, त्याच्या पुरवठ्यातला फिल्टर कपॅसिटर (वीज सपाट करणारा) तेवढा आटलाय. पण हे ऐकण्यासाठी प्लग लावावा लागेल, आणि तो सरळ लावायचा नाही.

त्यासाठी सिरीज बल्ब बनवा. जुन्या पद्धतीचा तारेचा 100 वॉटचा बल्ब, होल्डर आणि सॉकेट, एवढंच. वीज बल्बातून जाऊन मग टेबलाला मिळते. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभकीत पेटतो आणि बाकी काही जळत नाही. शॉर्ट नसेल तर क्षणभर चमकून मंद होतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही. पहिल्या वेळी बोर्ड आणि मॉनिटर दोन्हींचे कनेक्टर काढून ठेवायचे. फक्त ट्रान्सफॉर्मर तपासायचा. नंतर बोर्ड लावायचा, मॉनिटर त्याच्याही नंतर. नवीन शिकणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. मलाही वाटायचं.

बोर्डाच्या कनेक्टरवर मात्र जरा थांबू, कारण पॅक-मॅनचं खरं दुखणं तिथे आहे. या बोर्डाला बाहेरून तयार पाच व्होल्ट मिळत नाहीत. ट्रान्सफॉर्मरमधून साधारण 7 व्होल्ट एसी बोर्डाच्या कडेवरच्या कनेक्टरमधून आत येतात, आणि डीसी करून पाच व्होल्टवर आणण्याचं काम बोर्डावरच होतं. कनेक्टर 44 संपर्कांचा, दोन्ही बाजूंना 22. त्यांतले जे मोजके संपर्क वीज वाहतात त्यांच्यातून कित्येक अँपिअर जातात. चाळीस वर्षांत संपर्क थोडा सैल झाला की तो तापतो, तापला की काळा पडतो, काळा पडला की रोध वाढतो, मग आणखी तापतो. कनेक्टर काढून उजेडात धरलात तर बाकीच्या पिना पिवळसर दिसतील आणि या तीन-चार पिनांभोवतीचं प्लॅस्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं असेल. बोर्डाच्या कडेवरची पट्टीही त्याच जागी करपलेली असते.

तिथे घासकागद घासू नका. पट्टीवरचा पातळ मुलामा निघून जातो आणि दोन महिन्यांत तेच पुन्हा होतं. पेन्सिलचा खोडरबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे. पट्टी फारच खाल्ली गेली असेल तर वितळत्या सोल्डरचा अगदी पातळ थर चढवतात, पण तो सपाट बसवायला सराव लागतो. हार्नेसच्या, म्हणजे तारांच्या जुडग्याच्या, बाजूचा कनेक्टर सरळ नवा टाका. 3.96 मिलिमीटर अंतराचा, 44 संपर्कांचा म्हणून मागितला की मिळतो. जुन्यातली एक तार काढायची, नव्यात तिथेच लावायची, मग दुसरी. सगळ्या तारा एकदम सोडवल्यात तर तुमची सुट्टी त्यातच जाईल.

आणि कनेक्टरमधली 'की', म्हणजे तो उलटा बसू नये म्हणून दोन पिनांच्या मधे खोचलेला प्लॅस्टिकचा तुकडा, नव्यात बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी एकदा रात्री उशिरा, 'एवढं तर माझ्या लक्षात राहील' म्हणून, की न बसवताच काम उरकलं. सकाळी कनेक्टर उलटा लावला. फट् असा एकच आवाज झाला, फार मोठाही नाही. नऊ चिपा बदलाव्या लागल्या, आणि त्या कोणत्या हे शोधण्यात दोन आठवडे गेले.

अनेकजण सांगतील की ही भानगड सोडा आणि पाच व्होल्टचा तयार स्विचिंग पुरवठा लावा. लावता येतो, पण तो जुन्याच एसी पिनांवर जोडला तर मध्ये डायोड आणि रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) येतात आणि चिपांपर्यंत पाच व्होल्ट पोचतच नाहीत. त्यासाठी बोर्डावरचा तो भाग बाजूला काढून वेगळी जोडणी करावी लागते. मी स्वतः मूळ पुरवठा दुरुस्त करतो. बोर्डावरचा मोठा फिल्टर कपॅसिटर बदलला, कनेक्टर नवा टाकला, की तो पुन्हा वर्षानुवर्षं चालतो.

पाच व्होल्ट कनेक्टरवर मोजू नका, चिपवर मोजा. झेड-80 ही प्रोसेसरची लांबट 40 पायांची चिप शोधा. तिची 11 नंबरची पिन पाच व्होल्ट, 29 नंबरची ग्राउंड. तिथे 4.9 ते 5.1 हवेत. या पिढीतल्या टीटीएल जातीच्या चिपांची ठरलेली मर्यादा 4.75 ते 5.25 आहे, पण खालच्या टोकाजवळ त्या कधी नीट वागतात, कधी नाही, आणि असा बिघाड शोधणं म्हणजे डोकेदुखी. मग मीटर एसीवर टाकून त्याच दोन पिनांवर पुन्हा मोजा. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर फिल्टर कपॅसिटर अजून नीट काम करत नाही.

व्होल्टेज बरोबर आहे आणि तरी बोर्ड गप्प, असं असेल तर सॉकेटमधल्या चिपा बघा. ओलीत राहिलेल्या चिपांचे पाय काळे पडतात. वीज बंद करून एकेक चिप दोन्ही टोकांनी हळूहळू उचकटायची, पाय खोडरबराने पुसायचे, खाच होती त्याच दिशेने परत बसवायची. काचेची खिडकी असलेल्या चिपांवरचं स्टिकर काढू नका. त्या खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की आतला प्रोग्राम पुसला जातो. स्टिकर निघालंच असेल तर काळी चिकटपट्टी लावा. पडद्यावर कचरा दिसतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा नव्याने कचरा येतो, असं झालं तर बोर्ड स्वतःच स्वतःला रिसेट करतोय. मग दोष रॉम, रॅम किंवा प्रोसेसरच्या सॉकेटच्या आसपास असतो. तोही ठोके देणारा बोर्ड आहे, मेलेला नव्हे.

आता मॉनिटर. जुन्या पिक्चर ट्यूबच्या कामाची सवय तुम्हाला नसेल, तर एवढा भाग टीव्ही दुरुस्तीतल्या जाणकाराकडून करून घ्या. यात कमीपणा काही नाही. ट्यूबच्या अॅनोडवर, म्हणजे रबरी टोपीखालच्या जोडावर, चालू असताना वीस हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही तो भार बराच काळ राहू शकतो. त्याहून घातक असतो पुरवठ्यातला मोठा कपॅसिटर, कारण त्याच्यात जीव घेण्याइतकी ऊर्जा असते. शिवाय असे बरेच मॉनिटर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (भिंतीच्या विजेपासून वेगळं ठेवणाऱ्या) चालवायचे म्हणूनच बनवलेले असतात. तो मधून काढून थेट मेन्सला लावला तर सगळी धातूची चौकटच 'गरम' होते, म्हणजे तिच्यात वीज येते.

स्वतः करणारच असाल तर रीत अशी. प्लग काढलेला. लांब, इन्सुलेटेड मुठीचा चपटा स्क्रू-ड्रायव्हर. त्याच्या दांड्याला एक तार, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून जाणाऱ्या उघड्या वेणीदार ग्राउंड तारेला. सर्किटच्या ग्राउंडला जोडायची नाही, नाहीतर चिपा जातात. एक हात पाठीमागे. दुसऱ्या हाताने पातं रबरी टोपीखाली सरकवत न्यायचं, आतल्या क्लिपला टेकेपर्यंत. 'टिक्' असा आवाज येईल, कधी येणारही नाही. पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा करायचं, कारण ट्यूबच्या काचेत मुरलेला भार परत थोडा वर येतो. आणि ट्यूब उचलताना तिच्या मानेला कधीही धरायचं नाही. टेबलात ट्यूब तोंड वर करून बसवलेली असते, त्यामुळे वाकून काढताना हात आपसूक तिथेच जातो. दोन माणसं लागतात.

ट्यूब चांगली आहे की नाही याची पहिली खूण सोपी. खोलीत अंधार करून, सगळं जोडून चालू केल्यावर मानेच्या टोकाशी नारिंगी उजेड दिसतो का? दिसला तर हीटर शाबूत आहे आणि ट्यूब वाचवण्यासारखी असण्याची शक्यता चांगली. मग कपॅसिटर किट जरूर मागवा, मॉनिटरच्या चासीचा, म्हणजे त्याच्या सर्किट बोर्डाचा, नंबर पाहूनच. एक काढायचा, दिशा बघायची, नवा लावायचा, मग पुढचा. आडव्या पडद्यावर नुसती एक चमकती रेघ आली तर उभ्या दिशेचा डिफ्लेक्शन (किरण वळवणारा) भाग गेलाय. चित्र कडेला लाटांसारखं हलत असेल तर कपॅसिटर. चालू करताच मॉनिटरचा फ्यूज उडत असेल तर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का ते आधी बघा. तो गेला असेल तर त्याच्यासोबत फ्लायबॅकही (ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) तपासून घ्या. पडदा बंद असतानाही त्यावर चक्रव्यूहाच्या रेषा दिसत असतील, तर फॉस्फर, म्हणजे पडद्याच्या आतला चमकणारा थर, जळलाय. त्यावर औषध नाही. चालू खेळात त्या फारशा डोळ्यांत येत नाहीत.

एलसीडीबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो: ट्यूब खरोखर गेलेली असेल तरच. उभ्या कॅबिनेटमध्ये एलसीडी खपून जातो. टेबलात खेळाडू पडद्याकडे तिरपे, खालच्या कोनातून बघतात, तेही दोन विरुद्ध बाजूंनी. साधा टीएन जातीचा पॅनेल एका खेळाडूला ठीक आणि दुसऱ्याला काळवंडलेला दिसतो. बसवायचाच तर आयपीएस पॅनेल (सगळ्या कोनांतून सारखा दिसणारा), 4:3 प्रमाणाचा, आणि या बोर्डाचा 15 किलोहर्ट्झचा सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर. छोटा संगणक किंवा अनेक खेळांचा बोर्ड लावलात तरी मूळ हार्नेस कापू नका. 56 संपर्कांची जामा जोडणी (नंतरच्या गेम बोर्डांची सामायिक जोडणी) 1985 पासूनची, तुमचं टेबल त्याच्या आधीचं. मध्ये बसणारा अॅडॉप्टर मिळतो. तो लावा आणि मूळ बोर्ड स्थिरविद्युतरोधक पिशवीत जपून ठेवा.

टेबलांची आणखी एक गंमत सांगायला हवी, कारण तुम्हाला ती पुढे छळेल. दुसऱ्या खेळाडूची पाळी आली की चित्र 180 अंशांत फिरतं, म्हणजे समोरच्याला ते सरळ दिसतं. बोर्डाला 'मी टेबल आहे' हे कळतं ते कनेक्टरवरची एक पिन ग्राउंडला जोडलेली असते म्हणून. ती तार तुटली किंवा पिन मळली, तर बोर्ड स्वतःला उभं कॅबिनेट समजतो आणि दुसऱ्याला सगळं उलटं दिसतं. लोक यासाठी बोर्ड बदलायला निघतात. टेस्ट स्विच टाका. 'मेमरी ओके' च्या खाली बाकीच्या ओळी येतात, त्यांत 'टेबल' लिहिलंय की 'अपराइट' हे वाचा. पॅक-मॅन स्वतःच सांगतो.

दोन्ही कंट्रोल पॅनेलं टेबलाच्या कडेखाली असतात आणि वर सांडलेलं प्रत्येक पेय शेवटी तिथेच पोचतं. जॉयस्टिक चिकट लागली तर सुटी करून प्लॅस्टिकचे भाग कोमट साबणाच्या पाण्यात टाका. आतल्या लीफ स्विचच्या पात्यांना मात्र पाणी नको. पात्यांच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो, तिथे कानस किंवा पॉलिश पेपर लावला की स्विच कायमचा गेला. जाड कोरं व्हिजिटिंग कार्ड दोन पात्यांमध्ये घाला, वरून बोटाने हलकं दाबून कार्ड ओढून घ्या. कार्डावर काळी रेघ उठते. रेघ उठेनाशी होईपर्यंत हेच करायचं. नवी जॉयस्टिक घ्यावीच लागली तर चार दिशांची घ्या. आठ दिशांची लावलीत तर वळणावर पॅक-मॅन अडकतो आणि दोष बोर्डाला दिला जातो.

लाकूडकाम सगळ्यात शेवटी. फुगलेला कोपरा पार्टिकल बोर्डाचा असणार, आणि तो नुसता दाबून पूर्वीसारखा होत नाही. आधी पंखा लावून काही दिवस पूर्ण वाळू द्या. थर सुटले असतील पण भुगा झाला नसेल, तर सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्याने किंचित पातळ करून सिरिंजने आत सोडा, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक आणि सपाट फळ्या ठेवून क्लॅम्पने आवळा, रात्रभर सोडू नका. भुगा होत असेल तर तेवढा तुकडा सरळ कापून प्लायवूडचा जोड द्या, सांध्यावर पॉलिएस्टर पुट्टी, मग वरून लॅमिनेट. कडेची प्लॅस्टिकची पट्टी खाचेत ठोकून बसवतात. कोपऱ्यावर वळवताना ती हेअर ड्रायरने गरम केली की सुरकुतत नाही.

वरची काच फुटली नसेल तर तिला हात लावण्याआधी तिच्या खालची छापील चित्रं काचेवर छापलीयत की वेगळ्या कागदावर, ते बघा. काचेवरच छपाई असेल तर मागच्या बाजूला ओलं फडकंसुद्धा लावू नका, रंग पापुद्र्यासारखा सुटतो. काच बदलायची असेल तर टफन्डच घ्या, आणि माप दोनदा घ्या, कोपऱ्यांच्या गोलाईसकट, कारण टफन केल्यावर ती कापता येत नाही. टेबल उघडण्याआधी काचेच्या क्लिपा काढून काच बाजूला ठेवायची. झाकणासोबत काच उचलून ती घसरलेली मी पाहिलीय.

तर तुम्ही आता एवढंच करा: प्लग काढलेलाच ठेवा, दार उघडून ट्रान्सफॉर्मरवरचे आकडे, सगळ्या फ्यूजचे आकडे आणि मॉनिटरच्या चासीचा नंबर लिहून घ्या. कनेक्टर काढून त्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्या, तपकिरी पिना दिसतील असा. हे कळवलंत की सिरीज बल्बवर पहिल्यांदा काय जोडायचं ते तुमच्या टेबलापुरतं नेमकं सांगतो.